सांगली ते पुणे, पिकअपने ४०० जिवंत लाव्हे: क्रेट कोणते, जागा किती, नियम काय?

कृष्णाकाठ:
३५ दिवसांचे जपानी लाव्हे (बाजारात बटेर म्हणतात तेच) सांगलीहून पुण्यातल्या एका फार्मवर पाठवायचे आहेत. नग ४००, सरासरी वजन २०० ग्रॅम. गाडी पिकअप, हौदा ९ फूट बाय साडेपाच फूट. अंतर साधारण २३० किलोमीटर, महिना मे. कोंबड्यांचे मोठे प्लास्टिक क्रेट भाड्याने मिळताहेत. एकावर एक चार थर लावले तर एका फेरीत काम होईल, असं गाडीवाला म्हणतो. कायद्याने हे चालतं का? आणि पक्षी धडधाकट पोचण्यासाठी आणखी काय पाहावं?

पशुवैद्यक_सातारा:
भाऊ, चार थर चालत नाहीत. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम आहेत. त्यांत २००१च्या दुरुस्तीने कुक्कुटवर्गाचं स्वतंत्र प्रकरण आलं, आणि कुक्कुटांच्या व्याख्येत लाव्हे नाव घेऊन आहेत. रस्त्याने नेताना एका खोक्यावर दुसरं खोकं ठेवायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. वरच्यांची विष्ठा खालच्यांवर पडते, मधल्या थराला वारा लागत नाही. मेलेले पक्षी बहुतेक त्याच थरात सापडतात.

आता जागा. तक्त्यात लाव्ह्यांची वेगळी ओळ नाही. महिन्याच्या कोंबडीच्या पिलांना प्रत्येकी ७५ चौ. सेंमी, खोकं ६० × ३० × १८ सेंमी, त्यात जास्तीत जास्त २४. प्रौढ पक्ष्यांना ४८० चौ. सेंमी, खोकं ११५ × ५० × ४५, त्यात १२. तुमचे ३५ दिवसांचे लाव्हे अजून अंड्यावर आलेले नाहीत, शरीरानेही महिन्याच्या पिलाएवढेच. म्हणून मी पहिली ओळ धरतो. अंड्यावर आलेल्या माद्या न्यायच्या असतील तर मात्र प्रौढांचीच ओळ धरा.

मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई मध्ये कुक्कुटांना फक्त ४० चौ. सेंमी दिलेत. तो आकडा दाखवून कोणी पक्षी कोंबायला सांगितलं तर ऐकू नका. दोन नियम एकाच गाडीला लागू असतील तर जास्त जागा देणारा पाळायचा. त्याच नियमानुसार या गाडीत दुसरा कुठलाही माल भरता येत नाही, खाद्याची पोती किंवा अंड्यांचे ट्रेसुद्धा नाहीत.

नर आणि माद्या एका खोक्यात ठेवायच्या नाहीत, हाही नियमच आहे. पाच आठवड्यांच्या पक्ष्यांत ओळखणं सोपं: नराची छाती तांबूस, एकरंगी, मादीच्या छातीवर काळे ठिपके.

क्रेटवाला:
कोंबड्यांचे क्रेट घेऊ नका, दादा. लाव्हा बिचकला की पळत नाही, सरळ वर उसळतो. वर मोकळी जागा जितकी जास्त, तितका डोक्याला मार जोराचा. टाळूची कातडी सोलून निघते, आणि रक्त दिसलं की बाकीचे तिथेच टोचायला लागतात. तक्त्यातली १८ सेंमी उंची म्हणूनच लाव्ह्यांना नेमकी बसते. शिवाय मोठ्या क्रेटच्या भोकांतून पाय आणि मुंडी बाहेर येते, आणि क्रेट सरकवताना मोडते.

६० × ३० × १८चे खोके सुताराकडून करून घ्या. तळ भरीव प्लायचा, त्यावर बोटभर भाताचं तूस. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. बाजूला बारीक जाळी. झाकणाला आतून पातळ फोम किंवा ताणून बसवलेलं गोणपाट. चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई द्या, म्हणजे ब्रेक लागला की सगळे एका कोपऱ्यात चेंगरत नाहीत.

तुमच्या हौद्यात आडवे चार आणि लांबीत चार, असे १६ खोके बसतात, मध्ये हवेला फटी ठेवूनही. थंडीत प्रत्येकी २४ धरले तरी ३८४च होतात. मे महिन्यात १८च्या वर जाऊ नका, म्हणजे एका फेरीत २८८. चारशेसाठी दोन फेऱ्या लागतील. डिझेल वाचवायला चार-चार पक्षी वाढवले तर तेवढ्या किमतीचे पक्षीच मरतात.

पकडताना दिवे मंद करा. एका पायाने उचलायचं नाही, हाड काडीसारखं असतं. दोन्ही पंखांवरून तळहात ठेवून, अंगासकट उचला.

कृष्णाकाठ:
उत्तम माहिती, दोघांचेही आभार. दोन फेऱ्या करतो. खाणं-पाणी कसं ठेवू? आणि गाडी ताडपत्रीने पूर्ण झाकू का?

पशुवैद्यक_सातारा:
भरण्याआधी खाऊ-पिऊ घाला, नियमही तसाच आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पाण्यात इलेक्ट्रोलाइट द्या. उन्हाळ्यात दर ६ तासांनी पाणी मिळालंच पाहिजे. सलग ६ तासांच्या वर प्रवास नाही, आणि थांबा ३० मिनिटांपेक्षा मोठा नाही, तोही सावलीत. खोक्याला छोटी पन्हाळी लावा, पण चालत्या गाडीत ती काठोकाठ भरू नका. पाणी सांडून तूस भिजलं की अंग ओलं होतं. काकडीच्या किंवा कलिंगडाच्या फोडी टाकल्या तर सांडण्याची भीती नाही. गाडीत आग विझवण्याचं नळकांडं ठेवा, तेही नियमात आहे.

क्रेटवाला:
ताडपत्री फक्त वर, तीही हवा खेळेल अशी उंच बांधलेली. बाजूला हिरवी शेडनेट. बाजू ताडपत्रीने बंद केल्या की हवा मागून आत शिरते आणि पुढे सरकत केबिनच्या पाठीशी कोंडते. उष्णता आणि ओलसरपणा तिथेच साठतो, म्हणून तिथले पक्षी आधी मरतात. केबिन आणि पहिली रांग यांत वीतभर जागा सोडा, आणि तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र त्याच रांगेत, पक्ष्यांच्या उंचीला टांगा.

रात्री १० नंतर निघा. पेठ नाक्याहून महामार्गाला लागलात की तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके आणि मध्ये खंबाटकी घाट. चालत्या गाडीत वारा मिळतो, जीव जातो तो उभ्या गाडीत. घाटात रांग लागली तर शेडनेट वर करा आणि टॉर्चने बघा: चोच उघडी, पंख अंगापासून लांब, मान पुढे ताणलेली असेल तर त्या खोक्यातले पाच-सहा पक्षी रिकाम्या खोक्यात काढा. त्यासाठी दोन रिकामे खोके सोबत हवेतच. ते खोक्यांवर ठेवू नका, केबिनमध्ये ठेवा. अंगावर पाणी मारू नका. हवा दमट असेल तर त्याने फायदा होत नाही, उलट धाप वाढते.

रानवाट:
कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पशुवैद्यकाचा दाखला, पक्षी निरोगी आणि प्रवासाला योग्य असल्याचा. प्रत्येक खोक्यावर पाठवणारा आणि घेणारा यांचं नाव, पत्ता, फोन. आणि हॅचरीचं बिल, ज्यात ‘जपानी लाव्हा’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल. आपल्याकडचे रानातले लाव्हे आणि तितर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना पकडणं-विकणं गुन्हा आहे. पाळीव जपानी लाव्हा दिसायला त्यांच्यासारखा इतका असतो की नाक्यावर अडवणारा माणूस शंका घेणारच, आणि त्याने घ्यायलाच हवी. चौकशीत गाडी तासभर उभी राहिली तर नुकसान पक्ष्यांचं, म्हणून बिल हातातच ठेवा, डिक्कीत नको.

बर्ड फ्लू जाहीर झाला असेल तर बाधित जागेभोवती १० किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणीखाली येतो. निघण्याच्या दिवशी पशुसंवर्धन खात्याच्या तालुका दवाखान्यात फोन करून दोन्ही टोकांची खात्री करून घ्या.

कृष्णाकाठ:
सुताराला माप दिलं, १८ खोके. दुसऱ्या फेरीआधी खोके धुवायचे का?

पशुवैद्यक_सातारा:
हो, न चुकता. तूस काढून जाळा किंवा पुरा, खोके साबणाच्या पाण्याने घासा, मग जंतुनाशक, मग कडक ऊन. घाण घासून काढली नाही तर वरून मारलेलं जंतुनाशक काम करत नाही. गाडीचा हौदा आणि चाकंही धुवा, आणि हे पुण्याच्या बाजूलाच उरका. तिथली घाण सांगलीच्या शेडपर्यंत यायला नको.