मीथिंक्स, हॅथ, वॉट : इंग्रजीची जुनी क्रियापदरूपं

प्रश्न : ‘आय थिंक’ असताना जुन्या नाटकांत ‘मीथिंक्स’ कसं येतं? कवीने वृत्तासाठी मोडतोड केली, की हे व्याकरणात बसतं?

उत्तर : चोख बसतं. मराठी माणसाला तर ते लगेच उमजावं, कारण आपण दिवसभर हेच बोलतो: ‘मला वाटतं’. इथला इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’, आणि शेवटचा ‘स’ तृतीय पुरुषाचा, आपल्या ‘वाटतं’सारखाच.

जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘थेंचन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युंचन’ म्हणजे वाटणे, भासणे. पुढे उच्चार इतके जवळ आले की दोन्ही ‘थिंक’मध्ये मिसळून गेली. ‘वाटणे’ हा धातू असा बुडाला. ‘मीथिंक्स’ आणि भूतकाळी ‘मीथॉट’ तेवढी मागे राहिली. जर्मनमध्ये ‘डेंकेन’ आणि ‘ड्युंकेन’ अजून वेगळी आहेत. त्या काळचे इंग्रज ‘मला भूक लागली’, ‘मला तहान लागली’ हेसुद्धा असंच ‘मला’ने सांगत. तेव्हा ‘मीथिंक्स’चं भाषांतर ‘मी विचार करतो’ असं करू नये, ही विनंती.

प्रश्न : ‘हॅथ’, ‘डथ’, ‘गोएथ’मधला ‘थ’ जुना बाज आणायला कुठेही लावला तर चालेल का?

उत्तर : नाही हो. ‘आय गोएथ’ हे कोणत्याही काळात चुकीचंच. ‘थ’ तृतीय पुरुषी एकवचनाचा, वर्तमानकाळातला. कर्ता ‘दाऊ’ (म्हणजे ‘तू’) असेल तर ‘गोएस्ट’, ‘हॅस्ट’, ‘शॅल्ट’, ‘आर्ट’.

हा ‘थ’ संस्कृतच्या ‘ति’चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत ‘भरति’ आणि इंग्रजी ‘बेअरेथ’ एकाच मुळातून आले. ‘त्रि’चं ‘थ्री’ झालं तसा इथेही ‘त’चा ‘थ’ झाला. आजचा ‘स’ उत्तरेकडून आला. नॉर्थंब्रियातल्या दहाव्या शतकातल्या लिखाणात तो दिसतो, आणि शेक्सपिअरच्या लंडनमध्ये ‘थ’ व ‘स’ दोन्ही चालत. 1611च्या इंग्रजी बायबलने मात्र ‘थ’च ठेवला. त्यामुळे या रूपांना एक भारदस्तपणा चिकटला, जो मुळात नव्हता. ‘दाऊ’चंही तेच झालं. आज ते आदरार्थी वाटतं, पण ते आपलं ‘तू’च आहे, अर्थाने आणि कुळानेही. आदराचं होतं ते ‘यू’.

प्रश्न : आणि ‘क्वोथ’? ‘कोट’चं जुनं रूप का?

उत्तर : संबंध नाही. ‘कोट’ लॅटिनकडून आलेलं, ‘क्वोथ’ अस्सल इंग्रजी, अर्थ ‘म्हणाला’. मूळ धातू गेला. मृत्युपत्राच्या भाषेतल्या ‘बिक्वीद’मध्ये तो अजून आहे.

प्रश्न : ‘गॉड वॉट’ म्हणजे?

उत्तर : देव जाणे! या सगळ्यांत माझं सर्वांत आवडतं रूप हेच. ‘विट’ म्हणजे जाणणे. वर्तमानकाळ ‘वॉट’, भूतकाळ ‘विस्ट’. गंमत अशी की ‘वॉट’ हे घडणीने भूतकाळी रूप आहे. पाहिलं आहे, म्हणून आता ठाऊक आहे, असा तो प्रवास.

संस्कृतात नेमकं हेच ‘वेद’ या रूपात दिसतं. इथे ‘वेद’ म्हणजे ग्रंथ नव्हे, क्रियापद. उपनिषदांत ‘य एवं वेद’ म्हणजे ‘जो हे असं जाणतो’. प्रत्यय परोक्ष भूतकाळाचा, अर्थ वर्तमानाचा, आणि या भूतकाळात एरवी होणारं द्वित्वही (धातूचं पहिलं अक्षर दोनदा येणं) नाही. ‘वेत्ति’ या साध्या वर्तमानकाळी रूपाच्या जोडीला हे रूप चालावं म्हणून पाणिनीने ‘विदो लटो वा’ असं स्वतंत्र सूत्र दिलं आहे. ‘वॉट’ आणि ‘वेद’ दोन्ही विद् धातूच्याच घराण्यातली.

भूतकाळी घडणीमुळे ‘ही वॉट’ला मुळात ‘थ’ लागत नसे. काही लेखकांनी पुढे ‘वॉटेथ’ही केलं, पण ते नंतरचं. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ याच जातीची क्रियापदं आहेत, म्हणून आजही कुणी ‘ही कॅन्स’ म्हणत नाही.