लष्करी साम्राज्य लिहितोय, पण त्यात नांगर कोण धरतो?

अर्धा_मसुदा

तीन वर्षं एका कादंबरीवर काम चाललंय. जग काल्पनिक. त्यात तारवण नावाचं साम्राज्य आहे: उत्तरेचं उंच पठार, लोखंडाच्या खाणी, बारा कुळं, एक युद्धदेव. सातव्या वर्षी प्रत्येक मुलगा छावणीत जातो. लोकसंख्या 1 लाख, खडं सैन्य 40 हजार. शिस्त कडक, बोलणं कमी, हार ठाऊकच नाही. सातव्या प्रकरणात फौज दोन महिने वाळवंट तुडवते.

परवा पहिली चाळीस पानं बहिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, "हे सगळे पहाटेपासून तलवारीच परजतायत. यांच्यात नांगर कोण धरतो?" मी म्हटलं, लढवय्ये लोक आहेत, रक्तातच आहे त्यांच्या. ती नुसती हसली आणि वही परत दिली. तेव्हापासून एक ओळ पुढे सरकलेली नाही.

तर असं साम्राज्य मुळात उभं कसं राहतं? "रक्तातच आहे"च्या जागी काय लिहू? आणि संस्कृती म्हणून झेंडे, गणवेश, आरोळ्या यांपलीकडे काय दाखवू?

देवाची जन्मकथा नऊ पानांची झालीय. ती कापायला कृपया कुणी सांगू नका.

खेचरांचा_हिशेब

कादंबरी बहिणीलाच अर्पण करा.

आधी तो आकडा बघू. एका लाखात निम्म्या बायका. उरलेल्या पन्नास हजारांतून पोरं आणि म्हातारे वजा केले की धडधाकट पुरुष पंचवीस-तीस हजार हाती लागतात. म्हणजे तुमच्या फौजेत किमान दहा हजार भुतं आहेत. लोहार, गुराखी, खाणीतले मजूर मी अजून धरलेलेच नाहीत.

सातव्या वर्षी छावणी हे स्पार्टावरून, म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या त्या लष्करी नगरराज्यावरून, घेतलंय ना? घ्या की, पण अर्धंच उचलू नका. इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईला स्पार्टाचे 5000 नागरिक गेले, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की एकेकामागे सात हेलॉट होते. हेलॉट म्हणजे जमिनीला बांधलेली, जिंकलेल्या मुलखातली शेतकरी माणसं. नागरिकाला दिवसभर कवायत जमायची कारण त्याचं शेत दुसऱ्याच्या मानेवर होतं. आणि एकाने सातांच्या उरावर बसायचं तर रात्री झोप कशी लागणार? तिथले एफोर, म्हणजे दर वर्षी निवडले जाणारे पाच अधिकारी, पदावर येताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे. वर्षभरात एखाद्याला मारलं तरी पाप लागू नये म्हणून. स्वतःच्या शेतमजुरांशी दर वर्षी नव्याने युद्ध! तारवणच्या कडक शिस्तीचं मूळ सरहद्दीवर शोधत बसू नका, शेतात बघा.

आता माझा आवडता विषय. (आयडीवरून कळलंच असेल.) रोमन सैन्यात आठ जणांचा एक तंबू, त्यांच्यात एक खेचर आणि एक दगडी जातं. धान्य मिळायचं, पीठ नाही. दिवसभर सामान वाहून आलेले आठ जण, पाय सोललेले, आणि आज जातं ओढायची पाळी कुणाची यावरून कुरबुर. एक जण पोटात दुखतंय म्हणून आडवा झालाय. कालही दुखत होतं. हे एक पान लिहा. त्यात हुद्दा कळतो, मैत्री कळते, शिवी कळते.

आणि खेचर खातं हे विसरू नका. ते साधारण 100 किलो वाहतं. वाटेत चारा नसेल तर रोजचं चार-पाच किलो धान्य त्याच ओझ्यातून जातं. वीस-पंचवीस दिवसांत पाठीवरचं सगळं त्याच्याच पोटात. परतायचं असेल तर त्याच्याही निम्मे दिवस. माणसाला रोज एक किलो धरलं तरी 40 हजारांना दिवसाला 40 टन. म्हणून फौजा नदीकाठाने चालतात, बोटी वापरतात, नाहीतर शत्रूच्या उभ्या पिकावर जगतात. तुमची फौज सातव्या प्रकरणात दोन महिने वाळवंट तुडवते म्हणे. कशावर?

नेमकं_बोला

देवाची नऊ पानं कापा.

अर्धा_मसुदा

सांगितलं होतं ना!

बाकी भुतांचं पटलं. फौज 8 हजारांवर आणली. वाळवंट तूर्त रद्द. पण सुरुवातीचं काय? हे लोक पठारावरून खाली उतरले कशाला?

चुलीमागून

त्याआधी मला एक विचारायचंय. मुलगा सातव्या वर्षी गेला. घरात कोण उरलं? चाळीस पानांत बाई एकच, आणि तीही निरोप द्यायला दारात उभी, असं असणार. पैज लावते.

पुरुष छावणीत किंवा रणात, तर जमीन, गुरं, हिशेब, किल्ल्या कुणाकडे? ॲरिस्टॉटलची तक्रारच होती की स्पार्टाची जवळजवळ दोन पंचमांश जमीन बायकांच्या हातात गेलीय. दुसरीकडे, नागरिकाला सामूहिक भोजनमंडळात धान्याचा ठरलेला वाटा द्यावा लागे. तो थकला की नागरिकत्व गेलं. जमीन थोड्यांच्या हाती साठत गेली, वाटा न परवडणारे गळत गेले. इ.स.पू. 371 ला ल्यूक्ट्राच्या रणांगणावर पूर्ण नागरिक उरले होते सातशेच्या आसपास, त्यातले चारशे एका दिवसात पडले. तलवारीच्या धारेला काही झालं नव्हतं, माणसंच संपली होती. तारवणमध्ये एखादी आजी घाला, जिच्याकडे तीन कुळांची जमीन गहाण आहे आणि सेनापती जिला बघून घोड्यावरून उतरतो.

आणि आरोळ्यांपलीकडची संस्कृती हवी असेल तर जॅनिसरी बघा. ऑटोमन सुलतानाची ही खास फौज, सुरुवातीला बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून उचललेल्या मुलांची. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सूप करणारा! पलटणीचा मान झेंड्याइतकाच स्वयंपाकाच्या हंड्यात. हंडा पालथा घातला की समजायचं, बंड झालं. सुलतानाचं अन्न नाकारलं, विषय संपला. 1826 मध्ये दुसऱ्या महमूदने ती फौजच मोडून काढली.

मला या हंड्यात तुमच्या नऊ पानांपेक्षा जास्त देव दिसतो. (आता तिघांनी सांगितलं असं धरा.)

खेचरांचा_हिशेब

दोघांनीच. मी कापा म्हटलेलं नाही. उलट ती कथा ठेवा, पण खोटी म्हणून ठेवा.

खाली का उतरले? माझ्या मते ते जिंकायला उतरलेच नाहीत, पहारा द्यायला उतरले. पठारावर लोखंड आहे, धान्य नाही. खोऱ्यातल्या शहरांकडे धान्य आहे, आणि दरवर्षी कुणीतरी येऊन लुटतं. शहरांनी पठारी पोरं पहाऱ्याला ठेवली. तीन वर्षं पगार थकला. चौथ्या वर्षी पोरांनी धान्यकोठाराच्या किल्ल्या तारण म्हणून ठेवून घेतल्या, थकबाकी फिटेपर्यंत. ती फिटलीच नाही. तारणवाले, त्याचं पुढे तारवण! नाव तुम्हीच तयार ठेवलंय, मी फक्त धूळ झटकली.

शंभर वर्षांनी नातवंडांना हे सांगायची लाज वाटते, म्हणून युद्धदेव. तुमची नऊ पानं दरबारातल्या भाटाच्या तोंडी द्या आणि मागे उभ्या म्हाताऱ्या शिपायाला जांभई येऊ द्या.

पगारावर गादी हलते हे काही माझ्या डोक्यातलं नाही. रोममध्ये इ.स. 193 साली प्रीटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षकांनी, सम्राटपदाचा चक्क लिलाव केला. डिडियस ज्युलियानसने बोली जिंकली आणि 66 दिवस राज्य केलं.

आणखी एक बारीक गोष्ट: घोडा कुणाचा ते ठरवा. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचं, शिलेदाराचा मेला तर पोटच गेलं. मग हल्ल्यात दोघं सारखेच पुढे घुसतील का? एका रांगेतल्या दोन घोडेस्वारांत इतका फरक लिहिता आला तर बारा कुळांची वंशावळ कुणी मागणार नाही.

अर्धा_मसुदा

चार दिवस गायब होतो, लिहीत होतो.

नवा सम्राट गादीवर बसताना सर्वांत जुना शिपाई पुढे येऊन विचारतो, "बाकी फिटली का?" सम्राटाने "नाही" म्हणायचं असतं, आणि मग त्याच्या हातात कोठाराची गंजलेली किल्ली देतात. "फिटली" म्हणाला तर राज्य करायचा हक्कच संपला. भाट अर्धं पान गातो. आजी आली आहे, आणि आजपर्यंत लिहिलेल्या कुठल्याही सेनापतीपेक्षा ती मला जड जातेय. नेमकं_बोला, साडेआठ पानं गेली, खूश व्हा.

जात्याचं पान बहिणीला दाखवलं. या वेळी हसली नाही. तिने विचारलं, त्या खेचराचं नाव काय?

ठेवलेलंच नाही. सुचवा.