गाईडेड कयाकिंगला एवढे पैसे मोजावेत का? आपापले अनुभव सांगा

फेब्रुवारीत न्यूझीलंडला जातोय. मिलफर्ड साऊंडला (उंच कड्यांमध्ये घुसलेली समुद्राची खाडी, म्हणजे फियॉर्ड) अर्ध्या दिवसाची गाईडेड कयाक ट्रिप आहे, दोघांचे मिळून वीस हजारांच्या वर जातात. मोठ्या बोटीची फेरी बरीच स्वस्त पडते. नवऱ्याचं म्हणणं, "पाणी तेच, डोंगर तेच, वर हात आपलेच दुखणार." मला जायचंय, पण आकडा बघून माझाही हात थांबतो. मिलफर्डच हवं असं नाही, कुठेही अशी ट्रिप केली असेल तर लिहा. दर काय होता यापेक्षा त्या दरात नेमकं काय मिळालं ते सांगा. आणि ज्यांनी पैसे वाचवले त्यांनीही लिहा, चुटपुट लागली की नाही.

सहकारनगरकर
थायलंडला फांगन्गाच्या खाडीत केली. तिथे चुनखडीच्या बेटांच्या पोटात पोकळ्या आहेत, वरचं छत कोसळून आकाश उघडं झालेलं. आत जायला एक बोगदा असतो आणि तो भरतीच्या ठरावीक वेळेलाच जाण्याजोगा असतो. पाणी चढलं की छत डोक्याला लागतं, उतरलं की तळ होडीला. आम्ही अक्षरशः आडवे पडून आत गेलो, नाकापासून वीतभर अंतरावर दगड. आत खारफुटी, माकडं आणि शांतता. गाईडने घड्याळ बघून "आता निघायचं" म्हटलं, तेव्हा पैसे कशाचे दिले ते कळलं.

पण एक विचारून घ्या: वल्हवणार कोण? तिथल्या बऱ्याच दिवसभराच्या सहलींत वल्हं गाईडच्या हातात असतं आणि आपण पुढे बसून फोटो काढायचे. माझ्या गुडघ्यांना ते चाललं, मुलगा मात्र दिवसभर फुगून बसला होता.

फिरस्ती_बाणेर
दुबईजवळ हत्ता. गाईडवर एक दिरहमही घालवू नका. धरणाचं अडवलेलं पाणी, चहूकडे डोंगर, हरवायला जागा नाही. लाईफ जॅकेट घाला, कयाक भाड्याने घ्या, फिरा. सकाळी जा, दुपारी भाजून निघाल.

पेठेतली सून
अंदमान, स्वराज द्वीप (पूर्वीचं हॅवलॉक). रात्रीची कयाकिंग, पाण्यात हात घातला की निळसर चमकतं ती. पाण्यातले एकपेशीय जीव धक्का लागला की उजेड देतात, त्यामुळे वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला ठिणग्या उडाव्यात असं वर्णन ऐकलं होतं. आमच्या रात्री टपोरं चांदणं. काय दिसणार? बुकिंग घेताना आयोजकाने अवाक्षर काढलं नाही, आणि परत आल्यावर म्हणाला, "आज मून जास्त आहे." सासूबाई फोनवर म्हणाल्या, कॅलेंडर तर भिंतीवरच होतं! तर मंडळी, तिथी बघा. अमावास्येच्या आसपासची रात्र मिळत असेल तर ती ट्रिप महाग नाही. शुक्ल पक्षाच्या उत्तरार्धात फुकट मिळाली तरी झोपा.

सहकारनगरकर
@पेठेतली सून, तिथी भरतीसाठीही बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल. खाडीतल्या ट्रिपची वेळ दिवसागणिक बदलते ती यामुळेच. "रोज सकाळी नऊ वाजता" म्हणणाऱ्या आयोजकाकडे मी जरा संशयाने बघतो.

माजी बोटक्लबवाला
पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या बोटक्लबात मुळा नदीवर वल्हं मारलंय, तिथल्या रेगाटा या होड्यांच्या कार्यक्रमात कयाक बॅलेही केलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

मुळेचं पाणी आणि मिलफर्डचं पाणी यांत फरक थंडीचा आहे. मुळेत उलटलात तर नाक मुरडत बाहेर याल. फियॉर्डच्या गार पाण्यात बोटं लगेच आखडतात, पोहणाऱ्याचाही दम पहिल्या मिनिटात तुटतो. शिवाय उन्हाळ्यात दुपारकडे समुद्रावरचा वारा फियॉर्डमध्ये घुसतो. जाताना मजेत गेलेला माणूस येताना रडतो. अशा ठिकाणी गाईड म्हणजे चैन नव्हे.

आयोजकाला विचारायचं ते एवढंच: एका गाईडमागे कयाक किती, वेटसूट (गार पाण्यात ऊब टिकवणारा अंगाबरोबरचा सूट) देणार का, कयाक उलटली तर परत आत कसं चढायचं हे किनाऱ्यावर दाखवणार का, आणि वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख. नीट उत्तरं आली नाहीत तर स्वस्त असली तरी सोडा. धरण, तळं, केरळातले कालवे इथे हे सगळं लागत नाही. तिथे पैसे फक्त सोबतीचे.

कोथरूड_ते_कुठेही
मिलफर्ड केलंय, म्हणून सविस्तर.

एक, खर्च कयाकच्या तिकिटापाशी थांबत नाही. क्वीन्सटाऊनहून एका बाजूने जवळजवळ 290 किलोमीटर, चार तास धरा. सकाळची ट्रिप हवी तर आदल्या रात्री वाटेतल्या 'ते आनाऊ' गावी किंवा मिलफर्डलाच राहावं लागतं, आणि मिलफर्डला राहायच्या जागा मोजक्या आहेत. ते भाडं हिशेबात धरा, मग ठरवा.

दोन, पावसाला घाबरू नका. तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. कोरड्या दिवसात बारमाही धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस आला की कड्याकड्यातून पाणी सुटतं, आपल्या ताम्हिणीसारखं. आम्ही भिजत गेलो आणि ते बरंच झालं. इतक्या पावसामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो, जंगलातून आल्याने चहाच्या रंगाचा. तो उजेड अडवतो, म्हणून एरवी खूप खोल वाढणारं काळं प्रवाळ तिथे वरच्या पाण्यात सापडतं. हे गाईडने सांगितलं तेव्हा माझी बोटं त्या पाण्यातच होती. बोटीवरच्या भोंग्यातून ऐकलं असतं तर लक्षातही राहिलं नसतं.

तीन, सँडफ्लाय. चिलटाएवढी माशी आणि खाज आठवडाभर. पाण्यावर गेलात की सुटका, किनाऱ्यावर सूट चढवेपर्यंत मात्र फोडून काढते.

बोटीने गेलात तर अख्खा साऊंड थेट टास्मान समुद्राच्या तोंडापर्यंत दिसतो. कयाकने थोडाच भाग होतो, पण कड्याला हात लागतो आणि सील दगडावर लोळताना त्याचा फुसकारा ऐकू येतो. मला पैसे वसूल. आमच्या ह्यांना नाही. त्यांचा खांदा दुखत होता आणि ते प्रत्येक मोठ्या बोटीकडे, तिथल्या कॉफीकडे बघत होते.

आजी_ऑन_टूर
मला पोहता येत नाही, वय पासष्टच्या पुढे. व्हिएतनामला हालाँगच्या उपसागरात लुऑन गुहेपाशी कयाक किंवा बांबूची होडी असा पर्याय असतो. मी होडी घेतली, तिथल्या बाई वल्हवत होत्या. कयाकवाले मागून धापा टाकत आले. चुटपुट अजिबात लागली नाही.

विमा_वाचा
प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, कयाकिंग कुठल्या यादीत आहे ते पॉलिसीत शोधा. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर उपचारांचा बराच खर्च तिथली एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांसाठीही उचलते. पण आजारपण आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च तिच्यात येत नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कोथरूडताईंचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो कॉफीपाशी थांबला आणि म्हणाला, "मी बोटीनेच जातो." तर ठरलं, मी कयाक, तो बोट. 'ते आनाऊ'ची रात्र धरूनही दोघांच्या कयाकपेक्षा फार फरक पडत नाहीये. आता एकटीचं बुकिंग घेतात का बघते. आणि चष्म्याचं काय करतात?

माजी बोटक्लबवाला
अशा ट्रिपमध्ये बऱ्याचदा दोघांच्याच कयाक असतात, त्यामुळे कुणातरी अनोळखी माणसाशी जोडी लावतील. पुढची सीट मागा. सुकाणूचे पेडल मागच्याच्या पायाशी असतात, पुढच्याने फक्त लय धरायची. चष्म्याला मागून बांधायची दोरी घ्या.

पेठेतली सून
दोरी लक्ष्मी रोडला कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळेल. दुपारी एक ते चार जाऊ नका.