नकाशातल्या मुद्दाम केलेल्या 'डिस्टॉर्शन'ला मराठीत काय म्हणावं?

रेघोट्या

डिजिटल नकाशांवर सरकारं कोणती बंधनं घालतात आणि नकाशे जाणूनबुजून कसे बिघडवले जातात, यावरच्या एका मोठ्या लेखाचं भाषांतर करते आहे. सगळा लेख 'डिस्टॉर्शन' या शब्दाभोवती फिरतो आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

पहिल्या खर्ड्यात 'विकृती' लिहिलं होतं. संपादकांनी त्याखाली रेघ मारून खर्डा परत पाठवला. त्यांचं म्हणणं, भूगोलात 'विकृती' हा शब्द प्रक्षेपणासाठी, म्हणजे पृथ्वी कागदावर उतरवताना होणाऱ्या बदलासाठी, ठरून गेलेला आहे. मर्केटर या नकाशाकाराच्या 1569 च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट. यात कुणाची लबाडी नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर आकार, अंतर, क्षेत्रफळ यांतलं काहीतरी सोडावंच लागतं. अटळ गोष्टीचं नाव मुद्दाम केलेल्या गोष्टीला दिलं तर वाचकाची गल्लत होईल, हे मला पटतं.

मग बाकीचे शब्द चाचपले. 'विरूपण' कायद्याने उचललाय, भिंती रंगवून घाण करण्यासाठी. 'विचलन' संख्याशास्त्राकडे गेलाय. 'फेरफार' चांगला वाटला, पण सातबाऱ्याशी संबंध आलेल्या कुणालाही फेरफार म्हटलं की फेरफार नोंदच आठवणार, आणि ती तर पूर्ण कायदेशीर.

मला असा शब्द हवाय की ऐकताक्षणी दोन गोष्टी कळाव्यात. ही चूक नाही. आणि हे कुणाच्या तरी हुकमाने झालंय.

पाऊलवाट

दिशाभूल. इतका सरळ शब्द असताना शोध कशाला? दिशा आहे, भूल आहे, नकाशाशी नातंही आहे.

अक्षांश_रेखांश

'दिशाभूल' बसत नाही. का, ते सांगतो. माझं रोजचं काम याच्याशी आहे.

चीनमध्ये 2002 च्या मोजणी-नकाशा कायद्यानुसार परवानगीशिवाय मोजणी करणं किंवा नकाशे काढणं बेकायदा आहे. तिथे प्रसिद्ध होणाऱ्या डिजिटल नकाशांना जीसीजे-02 नावाची सरकारी पद्धत वापरावी लागते. या पद्धतीत खऱ्या अक्षांश-रेखांशांना एका गणिताने धक्का दिला जातो. हा धक्का सगळीकडे सारखा नसतो. जागेगणिक कमीजास्त होतो, त्यामुळे अख्खा नकाशा एकाच मापाने मागे ढकलून तो जुळत नाही. फरक साधारण काही शे मीटरचा. तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या नकाशात तर त्यावर आणखी एक थर चढवलेला असतो, त्याला बीडी-09 म्हणतात. चिनी अभियंत्यांनी या सगळ्याला 'मंगळावरचे अक्षांश-रेखांश' असं नाव पाडलंय.

आता मुद्दा. तिथल्या रहिवाशाची दिशाभूल होतच नाही. त्याच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये बिंदूही सरकवलेला आणि रस्ताही सरकवलेला. घरातली सगळी घड्याळं सारखीच पुढे लावलेली असली की कुणालाच उशीर होत नाही, तसं. गोंधळ उडतो तो बाहेरून कच्चा जीपीएस बिंदू घेऊन येणाऱ्याचा. उपग्रहाचं चित्र खाली ठेवून वर चिनी रस्त्यांचा थर टाकला की रस्ते इमारतींवरून जातात, पूल नदीशेजारी जमिनीवर पडतात. हाँगकाँगला ही पद्धत लागू नाही, म्हणून शेजारच्या शेनझेन या चिनी शहराच्या हद्दीवर दोन नकाशे एकमेकांना भेटत नाहीत.

'दिशाभूल' वाचणाऱ्याच्या डोक्यात घडते. इथे जे घडलंय ते नकाशात घडलंय.

प्राकृत

एक सुचवू? 'भेसळ'. खऱ्या आकड्यात खोटा आकडा मिसळलाय. आणि भेसळ कधी आपोआप होत नाही, ती कुणीतरी करावीच लागते. रेघोट्यांच्या दोन्ही अटी पुऱ्या.

अमेरिकेच्या जीपीएसलाही हा शब्द लागू पडेल. नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची. साधं यंत्र घेऊन उभं राहिलं तर जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. मे 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते थांबलं. भेसळ बंद झाली, असं म्हणता येईल की नाही?

रेघोट्या

भेसळ आवडला. अडचण एकच. भेसळ हा गुन्हा असतो. चीनमध्ये उलटं आहे, भेसळ न करता नकाशा छापणं हा गुन्हा.

प्राकृत

मग शब्दाने तेवढी बाजू घ्यावी की! सरकारने केलं म्हणून खोट्याला सोज्वळ नाव द्यायचं, हे भाषांतरकाराचं काम नव्हे.

देवनागर

चर्चा वाचली. मुळात 'नकाशा' हाच शब्द अरबी. 'नक्श' म्हणजे कोरलेलं. 'मानचित्र' हा अर्थवाही शब्द उपलब्ध असताना आपण परक्या शब्दाभोवती परिभाषा उभी करतोय. 'मानचित्र-विपर्यास' असा सामासिक शब्द करावा. विपर्यासात हेतू अभिप्रेत असतोच. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असं आपण म्हणतो, तेव्हा करणारा मुद्दाम करतो असंच सुचवायचं असतं. आणि कृपया 'अक्षांश-रेखांशांचे निर्देशांक' असं कुणी लिहू नये. निर्देशांक म्हणजे बाजारभावाचा आकडा. भूमितीत 'निर्देशक'.

मोजणीदार

मानचित्र हिंदीतून आलंय. आमच्याकडे जमिनीची मोजणी होते, नकाशा होतो, नकाशा बसतो किंवा बसत नाही. उभ्या नोकरीत 'मानचित्र' कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. नक्श अरबी असेल, पण गाव नकाशा म्हटलं की शेतकऱ्याला कळतं. हद्दही अरबीच आहे. ती सोडून काय घेणार? तो शब्द काढला तर बांधावरची भांडणंसुद्धा मराठीत करता यायची नाहीत.

आता मूळ प्रश्न. भूमापनात जो शब्द चालतो तो 'सरकला'. नकाशा जागेवर लावला आणि खुणांशी जुळला नाही की 'नकाशा सरकलाय' म्हणतात. मी तोच वापरीन.

अक्षांश_रेखांश

'सरकला' मलाही जवळचा, पण तो निष्पाप शब्द आहे. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने कागदी नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या 1830 च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या त्यांनी धरलेल्या आकारावर, बेतलेले. जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या दुसऱ्या लंबगोलावर चालतं. जुन्या नकाशावरचे आकडे तसेच्या तसे यंत्रात घातले तर बिंदू जागेवर पडत नाही. म्हणजे नकाशा सरकला, पण कुणी सरकवला नाही. पृथ्वीचा आकार किती धरायचा, एवढाच तो फरक. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या. लोकांसाठी खुली मालिका डब्ल्यूजीएस-84 वर, आणि संरक्षण दलांच्या मालिकेत जुनं एव्हरेस्टही चालणार. दोन्ही खऱ्या, तरी एव्हरेस्टवरचा नकाशा खुल्या नकाशावर ठेवला की जुळत नाही.

हा फरक माहीत नसला की लोक लगेच म्हणतात, सरकारने नकाशा खोटा केला. म्हणून शब्द काटेकोर हवा.

जात्यावरची

मंडळी, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. सरकला आणि सरकवला! मराठीत क्रियापदाला 'व' लागला की मागे करणारा उभा राहतो. चुकणं-चुकवणं, ढळणं-ढळवणं, फसणं-फसवणं. 'सरकवलेला नकाशा' म्हटलं की झालं. कुणी सरकवला, हे वाचक स्वतःच विचारील. संस्कृत धातू धुंडाळायची गरज नाही.

नाम शोधण्याचा हट्ट मूळ लेखात नाम आहे म्हणून आलाय. मराठी वाक्य क्रियापदावर चालतं.

रेघोट्या

हे फार मोलाचं बोललात. पुष्कळ वाक्यं अशीच सुटतील. पण लेखाचं शीर्षक नामाचं आहे, आणि एक परिच्छेद तर अमुक प्रकारचं डिस्टॉर्शन, तमुक प्रकारचं डिस्टॉर्शन असाच जातो. तिथे क्रियापदाने कसं भागवू?

पाऊलवाट

'चकवा' घ्या. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर फिरून त्याच जागी येतो. नकाशे चोरणाऱ्याला पकडण्यासाठी नकाशा कंपन्या अस्तित्वात नसलेली गल्ली घालतात, तिला 'चकवा गल्ली' काय शोभेल! 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एका नकाशात अ‍ॅग्लो नावाचं गावच असं घातलं होतं.

देवनागर

ते व्यापारी संरक्षण आहे. शासनाची बंधनं वेगळी. आणि चकवा लागतो, कुणी लावत नाही.

जात्यावरची

लागतो, हे खरं. पण 'चकवणे' हे क्रियापद आहे आणि त्याला कर्ता लागतोच. मग 'चकवणूक' करा. फसवणूक, अडवणूक, पिळवणूक, नागवणूक या सगळ्यांत एक जण करतो आणि दुसरा भोगतो. 'नकाशातली चकवणूक' ऐकताना कानाला नवं वाटेल, अर्थ लगेच कळेल.

मोजणीदार

मिरवणुकीत कोण कुणाला नागवतो? करमणूक? गुंतवणूक? प्रत्ययाला असा अर्थ चिकटवू नका.

तळटीप

शब्द ठरवण्याआधी एक विनंती. लेखातल्या सगळ्या प्रकारांना एकच शब्द लावू नका. इंग्रजीत एक शब्द असेल, गोष्टी चार आहेत.

चीनचं सरकवणं झालं. दुसरं, झाकणं. नेदरलँड्समध्ये लष्करी तळांवर आणि राजवाड्यांवर रंगीत चौकोन-त्रिकोणांचे ठिगळ दिसायचे. झाकण्यातला धोका 2018 मध्ये दिसला. यांडेक्स या रशियन नकाशासेवेने इस्रायल आणि तुर्कस्तानातली लष्करी ठिकाणं नेमकी पुसट केली. अभ्यासकांनी नुसते पुसट डाग मोजत जाऊन तीनशेच्या वर जागांची यादी केली. झाकलं म्हणूनच सापडलं. इस्रायलच्या बाबतीत अमेरिकेत 1996 पासून कायदाच होता, अमेरिकी कंपन्यांनी त्या प्रदेशाची फार बारीक उपग्रहचित्रं विकायची नाहीत. 2020 मध्ये ती मर्यादा सैल झाली.

तिसरं, न बोलणं. भारताच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी देशी कंपन्यांवरची परवान्यांची अट काढून टाकली, पण संवेदनशील गुणविशेष नकाशावर दाखवू नयेत हे राहिलं. म्हणजे जागा नकाशावर असते, ती कशाची हे लिहायचं नाही. यात डिस्टॉर्शन कुठे आहे? आणि आडव्या अंतरात 1 मीटर व उंचीत 3 मीटर यापेक्षा बारीक माहिती भारतीय संस्थांनीच तयार करायची, देशातच ठेवायची. याला नुसतं बंधन म्हणावं. त्याआधी 2016 च्या विधेयकाचा मसुदा आला होता, त्यात 1 कोटी ते 100 कोटी रुपये दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. तो पुढे गेला नाही. दक्षिण कोरियाने 2016 मध्ये गूगलला बारीक नकाशा-माहिती देशाबाहेर नेऊ दिली नाही, तेही याच खणातलं.

चौथं सगळ्यांत अवघड. पाहणारा बदलला की हद्द बदलते. गूगलच्या नकाशात काश्मीर भारतातून पाहिलं तर अखंड रेघेच्या आत, बाहेरून पाहिलं तर तुटक रेघा. भारतात सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा छापला तर 1961 च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. एप्रिल 2015 मध्ये अल जझीरा वाहिनी नकाशांवरूनच पाच दिवस बंद ठेवली होती. इथे प्रत्येक सरकार स्वतःच्या नकाशाला खरा आणि दुसऱ्याच्याला विकृत म्हणतं. 'भेसळ' लिहिलंत तर मूळ शुद्ध कोणतं, हे भाषांतरकाराने ठरवल्यासारखं होईल.

प्राकृत

तळटीप, चौथ्या प्रकाराबद्दल पटतंय. पण सोव्हिएत संघाचं काय? 1988 मध्ये त्यांच्या नकाशा खात्याच्या प्रमुखांनीच, व्हिक्टर याश्चेंको यांनी, वृत्तपत्रात कबूल केलं की जवळपास पन्नास वर्षं लोकांसाठीचे नकाशे जाणूनबुजून चुकवले जात होते. रस्ते, नद्या, वस्त्या हलवलेल्या. लष्कराकडे मात्र अचूक. तिथे शुद्ध कोणतं, हे करणाऱ्यालाच ठाऊक होतं. त्याला भेसळ का म्हणू नये?

देवनागर

कारण तिथे काही मिसळलेलं नाही, जागा बदललेली आहे. विपर्यास. पुन्हा सांगतो.

मोजणीदार

विपर्यास बोलण्याचा होतो. दगडाचा होत नाही.

जात्यावरची

देवनागर, 'विपर्यास' शीर्षकात घातला तर लोकांना वाटेल कुणाच्या भाषणावर लेख आहे.

आणि मोजणीदार, तुमची मिरवणूक अजून डोक्यात आहे. सोडवणूक, जपणूक हेही शब्द घ्या. त्यांतही एक जण करतो आणि दुसऱ्याचं होतं, फक्त भलं होतं. चांगलं-वाईट प्रत्ययात नसेल, पण करणारा आहे. मिरवणुकीतसुद्धा मिरवणारा असतोच.

मोजणीदार

निवडणुकीत कोण कुणाचं करतो, सांगा बघू.

जात्यावरची

लोक उमेदवाराला निवडतात! पण 'निवडणूक'मध्ये 'वणूक' आहे की 'निवड'ला नुसता 'णूक' लागलाय, ते आधी ठरवू. माझ्या मते ते दोन वेगळे गट आहेत आणि 'चकवणूक' पहिल्यात जातो.

देवनागर

गट दोन नव्हेत. प्रत्यय 'णूक' एकच, 'व' धातूचा. चकव, फसव, अडव हे प्रयोजक धातूच आहेत. म्हणजे कर्तृत्व प्रत्ययातून येत नाही, प्रयोजकातून येतं. या एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे.

रेघोट्या

तळटीप यांचं ऐकून प्रकार वेगळे केले. चीन आणि सोव्हिएतसाठी 'सरकवलेला', पुसट केलेल्यांसाठी 'झाकलेला', भारतीय नियमांना 'बंधन', हद्दीच्या प्रश्नात सरकारांचे स्वतःचे शब्द अवतरणात. शीर्षक अजून कोरं आहे. 'भेसळ' आणि 'चकवणूक' दोन्ही संपादकांकडे पाठवते.

अक्षांश_रेखांश

माझाही एक शब्द अडलेला आहे, इथेच विचारतो. जीसीजे-02 चं गणित उलटं सोडवायला सरळ सूत्र नाही. एक अंदाज घ्यायचा, तो पुढे सरकवून पाहायचा, किती चुकला ते वजा करायचं, पुन्हा तेच. काही फेऱ्यांत बिंदू जवळपास मूळ जागी येतो. या कामाला आम्ही ऑफिसात 'डीशिफ्ट करणं' म्हणतो. 'शुद्धीकरण' म्हणणार नाही, कारण मूळचं किती शुद्ध होतं यावर वर एवढी चर्चा झालीय. 'जागेवर आणणं' चालेल का?

मोजणीदार

'नकाशा बसवणं' म्हणा. आमचा शब्द आहे, त्याच कामाचा आहे.

देवनागर

बसवणं म्हणजे स्थापना. इथे प्रत्यावर्तन हवं.