वॉर्ड पोस्टिंगची भीती, बहीण कोर्स सोडते म्हणतेय

सांगलीची_ताई: बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) फर्स्ट इयरला आहे, पोस्टिंगच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी मळमळ, छातीत धडधड आणि परवा ड्रेसिंग बघताना डोळ्यापुढे अंधारी येऊन खालीच बसली. काय करू?

सर्जिकल_सिस्टर: अगं सोडू नको देऊस तिला! रक्त बघून काहींचं बीपी झपकन पडतं म्हणून चक्कर येते, हिंमत नाही असं मुळीच नाही. गरगरायला लागलं की मांड्या, पोटऱ्या, मुठी 10-15 सेकंद घट्ट आवळायच्या, चेहरा गरम वाटला की सोडायच्या, परत करायचं. तरी नाही थांबलं तर सरळ खाली बसायचं. आणि नुसत्या चहावर ड्युटीला पाठवू नका प्लीज, पोहे, पोळी काहीतरी पोटात हवंच.

ट्यूटर_मॅडम: इन्स्ट्रक्टरला सांगा, लपवू नका. मी अशा मुलींचा आधी डमीवर हात बसू देते, मग सिनियरसोबत एकच पेशंट. पण धडधड रोजचीच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा, मुलींमध्ये ॲनिमिया खूप असतो आणि सगळं टेन्शनवर ढकललं जातं.

सांगलीची_ताई: खरंय, जेवण अर्धवटच असतं तिचं. उद्याच तपासून घेते.

नाईट_ड्युटी: रात्री फार घाबरली तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात.