ठासणीच्या बंदुकीचे मराठी शब्द हवेत, काकांचं पान अर्धं राहिलंय

धुरकट

मंडळी, जरा विचित्र मदत हवी आहे. आधी पार्श्वभूमी सांगतो. लांबण लागेल, पण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाच्या नादाने ठासणीच्या बंदुकीची नेमबाजी बघायला गेलो आणि तिथलाच झालो. काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची, वर तेलकट कापडात बसवलेली शिशाची गोळी, गजाने तळापर्यंत ठासायची, आणि मग चकमक: गारगोटीच्या ठिणगीने बाहेरच्या वाटीतली दारू पेटते आणि तो जाळ भोकातून आत जातो. बार निघाला की समोरचं काही दिसत नाही, गोळी लागली की नाही ते धूर हटल्यावर कळतं. (आईला फोनवर सांगितलं, "इथे एक काका मला दारू भरायला शिकवतात." पलीकडे बराच वेळ शांतता.)

ते काका गेल्या महिन्यात गेले. ८१ वर्षांचे होते. जन्मभर मशीन टूलच्या कारखान्यात टूलमेकर, निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस रेंजवर. मी पहिल्या दिवशी काका म्हटलं, अर्थ सांगितला, तर पुढच्या शनिवारी टोपीवर खडूने तेच लिहून आले.

पहिल्या भेटीत "कुठला" विचारलं. भारत म्हटल्यावर आपल्या दारूच्या डब्यावर टिचकी मारून म्हणाले, यातला पाऊण भाग एके काळी तुमच्याकडून यायचा. मला वाटलं, गंमत करताहेत. मग तिथेच बाकावर बसवून अर्धा तास ऐकवलं. काळ्या दारूत शंभरात ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. आणि त्या काळी जगातला उत्तम सोरा पाटण्याच्या बाजूचा. नोनिया लोक गावातली खारी माती खरवडून, धुऊन, उकळून तो काढायचे. १८६१ साली इथलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या सरकारकडे सोरा पुरेना, म्हणून दारू बनवणाऱ्या द्यु पाँ घराण्यातला लॅमॉट द्यु पाँ गुपचूप लंडनला गेला आणि हाती लागेल तो हिंदुस्थानी सोरा उचलला. तेवढ्यात ट्रेंट नावाच्या ब्रिटिश बोटीवरून दक्षिणेचे दोन राजदूत पकडल्याचं प्रकरण झालं आणि इंग्रजांनी माल बंदरातच अडवला. ते दोघे सुटले तेव्हा कुठे सोरा हलला. मी बिहारपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर वाढलो, शाळेत सनावळ्या घोकल्या, आणि हे मला ओहायोतल्या एका टूलमेकरने सांगावं!

त्यांचं शिकवणं असंच. ओरडणं नाही. नवखा दिसला की स्वतःची बंदूक त्याच्या हातात, स्वतःची दारू, स्वतःच्या गोळ्या. पैसे विचारले तर म्हणायचे, घरी जाऊन साफ करून आण, तेच भाडं. आणि साफ करणं म्हणजे शिक्षाच. काळी दारू जळून निम्म्याहून जास्त मळ मागे ठेवते, तो हवेतलं पाणी ओढतो, आणि एका रात्रीत नळी गंजायला लागते. म्हणून त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण. सडक्या अंड्यांचा वास येतो. बायकोने मला बाल्कनीत हाकललं होतं.

गज कसा धरायचा हे त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं होतं. मूठ आवळून वरून दणकायचा नाही. नळीच्या तोंडापासून वीतभर वर चिमटीत धरायचा, तेवढाच खाली सरकवायचा, परत वीतभर वर धरायचा. लाकडी गज मोडला तर मोडलेलं टोक तळहातातून आरपार जातं. त्यांच्या डाव्या तळव्यावर ती खूण होती. त्यांनी ती दाखवली आणि विषय संपला.

आता प्रश्न. काकूंनी त्यांची खांद्याची चामडी पिशवी मला दिली. बंदूक नातीकडे गेली, तिथेच ती जायला हवी होती. पिशवीत दारू ठेवायचं शिंग, पितळी माप, गारगोटीचे सहा तुकडे, आणि दोऱ्यात ओवलेल्या सात शिशाच्या गोळ्या. या गोळ्यांची गोष्ट अशी की कुणी दारू घालायला विसरून नुसतीच गोळी ठासली की काका गजाला स्क्रू लावून ती उपसून काढायचे, आरपार भोक पाडून या माळेत ओवायचे. सातांतल्या दोन माझ्या. तीन त्यांच्या स्वतःच्या.

आणि एक छोटी वही. तिच्यातलं एक पान माझं आहे. दर शनिवारी ते मला बंदुकीच्या एकेका भागाचं मराठी नाव विचारायचे आणि इंग्रजी लिपीत लिहून ठेवायचे. नळी, दस्ता, चाप, घोडा, गज, शिंग, गोळी, एवढे मी सांगितले. पुढे मलाच येईनात. "आईला विचारून सांगतो" म्हणायचो आणि विसरायचो. त्यांनी माझ्यासाठी जागा कोऱ्या सोडल्यात. काकू पिशवी देताना म्हणाल्या, हे तुझ्याकडून राहिलंय.

पुढच्या शनिवारी रेंजवर सगळे जमणार आहोत. गोळी न घालता एकेक बार काढायचा आणि एकेकाने काहीतरी बोलायचं. मला ते पूर्ण पान वाचायचं आहे. कोऱ्या जागा या:

चकमकीखालच्या वाटीत घालतात ती बारीक दारू. ती वाटी आणि तिच्यातून नळीत जाणारं भोक. चकमकीच्या बंदुकीचंच वेगळं नाव असेल तर ते. गारगोटी धरणारा घोडा अर्धाच मागे ओढून अडकवणं. वाटीतली दारू भुर्रकन उडते पण आतली पेटत नाही, ते. आणि गोळीभोवतीचं कापड.

देवगडकर

वाचून आजोबा आठवले. आमच्याकडे ठासणीची होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. वानर आणि डुक्कर हेच शत्रू. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची, मग वानरांची मजा. आमची केपाची होती, चकमकीची नव्हे, त्यामुळे वाटी-बिटी नाही. निप्पलवर तांब्याची केप, म्हणजे घोड्याच्या दणक्याने पेटणारी टोपी, बसवायची की झालं.

तुमचे काका आणि आमचे आजोबा यांचं जमलं असतं. ते पण बंदूक ठासताना कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. "गे, पोरांका भायर घेवन जा!" असं ओरडून मगच दारूचा डबा उघडायचे. दारूवर आम्ही काथ्याचा बोळा ठासायचो, त्याला बोळाच म्हणायचो. गोळीभोवती कापड आमच्याकडे नव्हतंच, छर्रे असायचे. पण कापडाला चिंधी म्हणा की सरळ. दुसरं काय म्हणणार?

आणि बार उडाला नाही तर "फुसको गेलो". हे तुम्हाला माहीत असणारच.

धुरकट

फुसका बार! हा मी त्यांना पहिल्याच वर्षी शिकवला होता. कुणाचा बार चुकला की अख्ख्या रेंजभर काकांचा आवाज यायचा, "फुस्का!" आता तिथली चार माणसं तरी तो शब्द वापरतात. पण मला हवंय ते जरा वेगळं. फुसका म्हणजे काहीच न होणं. इथे वाटीत जाळ होतो, तोंडासमोर भपका येतो, आणि बंदूक तशीच गप्प.

तोडेदार

तुम्हाला हवा तो शब्द "रंजक". कानात घालायची बारीक दारू म्हणजे रंजक. आणि हो, "कान" हाच तुमचा दुसरा शब्द, म्हणजे नळीत जाणारं ते भोक. किल्ला सोडून जाताना तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी केल्या असं आपण वाचतो ना, तो हाच कान. बंदुकीलाही तेच. वाटी वेगळी सांगायची असेल तर रंजकाची वाटी म्हणा, कुणी हरकत घेणार नाही.

म्हणजे तुमचं वाक्य झालं: रंजक उडाली, बार झाला नाही.

चकमकीच्या बंदुकीला जुना शब्द आहे पथरकला. त्याआधीची ती तोड्याची. तोडा म्हणजे जळती वात, जामगीही म्हणतात. आपल्याकडे तोड्याची फार काळ टिकली, कारण गावातला लोहारही ती दुरुस्त करू शकायचा. चकमकीची कळ बिघडली की नेमका कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पोलाद लागतो. १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या त्या कवायती, फ्रेंच वळणाच्या. बाकी फौजेत तोडेच जास्त. असो, मी सुरू झालो की थांबत नाही.

घोडा अर्धा ओढण्याला खास शब्द मला आढळला नाही. "घोडा अर्ध्यावर चढवणे" म्हणा.

खडूस_मास्तर

माफ करा, पण कुणीतरी म्हणायलाच हवं. अमेरिकेत बंदुकांनी रोज माणसं मरतात आणि आपण इथे दारू-गोळीचं कौतुक करतोय.

धुरकट

मास्तर, राग नाही. घरी हेच भांडण होऊन गेलंय, आणि बायको तुमच्या बाजूची आहे. एवढंच सांगतो की या बंदुकीतून एक बार काढायला मला अजूनही मिनिटभर लागतो. चाप ओढल्यावर बार झाला नाही तर काकांच्या नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट उभं राहायचं, कारण आत ठिणगी धुमसत असू शकते. ते शेजारी उभे राहून मोठ्याने साठपर्यंत मोजायचे. घाई करणाऱ्याला त्यांनी एकदा परत एकपासून मोजायला लावलं होतं. मोठा माणूस, वकील होता तो.

सांजवेळ

मी या विषयातलं काही जाणत नाही, पण एक विचारू? शिंगात दारू उरलीय का? घरी ठेवलीय का तुम्ही? लहान मुलं असतील तर काळजी वाटली म्हणून.

धुरकट

ताई, नाही. शिंग रिकामं करूनच काकूंनी दिलं, काकांचाच दंडक. शिंगातून थेट नळीत ओतायचं नाही हाही त्यांचाच. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत राहिला असेल तर हातातलं अख्खं शिंग उडतं. म्हणून आधी मापात, मग शिंगाचं बूच बंद, मग नळीत. मी वर्षभर बूच लावायला विसरायचो, ते काही न बोलता हात पुढे करून लावायचे.

तोडेदार, तुमचे शतशः आभार. रंजक शब्द लहानपणी कुठेतरी ऐकला होता, पण "मनोरंजक"मधलाच वाटायचा. काकांना हे फार आवडलं असतं. त्यांनी नक्की विचारलं असतं की त्या दोघांचं नातं काय, आणि मला परत आईला फोन करावा लागला असता.

देवगडकर

मग चिंधी लिहिलीत का?

धुरकट

नाही. सांगतो का ते.

आज पान नीट उजेडात पाहिलं. कापडाची जागा कोरी नाहीये, पेन्सिलीने फिकट काहीतरी लिहिलंय. चार वर्षांपूर्वी आई इथे आली होती. काका गोळीसाठी गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड वापरतात हे ऐकून तिने तुळशीबागेतून आणलेला मांजरपाट बॅगेतून काढून दिला. शिवणकामासाठी आणला होता बिचारीने. काकांनी तो खळ जाईपर्यंत दोनदा धुतला, वाळवला, मायक्रोमीटरने मोजला. १२ हजारांश इंच भरला. त्यांच्या बंदुकीला १५ लागायचा. पातळच. तरी महिनाभर त्यांनी तोच वापरला, नेम बिघडला तरी, आणि आई रेंजवर आली त्या दिवशी तिच्यासमोर पाचातल्या दोनच गोळ्या लागल्या तेव्हा तिला म्हणाले, वारा आहे. वारा नव्हता.

कापडाच्या ओळीत त्यांनी लिहिलंय: मांजरपाट. पुढे प्रश्नचिन्ह.

शनिवारी बाकीचं तुम्ही सांगितलंय तसं वाचतो. प्रश्नचिन्ह तेवढं खोडलंय.