मदत हवी आहे: जुन्या फोटो-नकाशांवरून स्कॉटिश शहरांचा इतिहास कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी,

ग्लासगोजवळच्या एका शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इतिहास शिकवते. पुढच्या सत्रात स्कॉटलंडमधली शहरं कशी वाढली हा भाग आहे आणि तो शक्यतो चित्रं, नकाशे, फोटो यांच्यावरूनच शिकवायचा आहे. इथे शिक्षक आणि वास्तुरचनाकार बरेच आहेत, म्हणून विचारते.

एडिंबरोची चिंता नाही. जेम्स गॉर्डनचा १६४७चा नकाशा आकाशातून पाहिल्यासारखा काढलाय: किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्याकडे उतरणारा मोठा रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले बोळ, घरांमागे जमिनीच्या लांबट पट्ट्या. शेजारी जेम्स क्रेगचा १७६७चा न्यू टाउनचा (शहराच्या नव्या, आखीव भागाचा) आराखडा ठेवला की फरक मुलं आपणहून सांगतात.

अडतं ते ग्लासगोपाशी. टॉमस ॲननने १८६८ ते १८७१ या काळात हाय स्ट्रीटच्या आसपासच्या बोळांचे (इथे त्यांना 'क्लोज' म्हणतात) फोटो काढले. दोन्हीकडे उंच भिंती, वर आभाळाची चिंधी, मधून वाहणारं गटार, काही फोटोंत काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. अंधारात कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, त्यामुळे हललेली माणसं पुसट उमटली आहेत. मुलं बघताक्षणी म्हणतात, "शी, किती घाण! बरं झालं पाडलं." पण हे फोटो काढवून घेतले ते १८६६च्या कायद्याने आलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे ही वस्ती विकत घेऊन पाडणाऱ्यांनीच. तिथे राहणाऱ्यांना काय वाटत होतं, ते कुठे गेले, हे फोटोत नाही. मला मुलांना नेमकं तिथवर न्यायचंय, पण "फोटो खोटा आहे" असंही त्यांनी समजू नये. गर्दी आणि रोगराई खरीच होती.

कुठल्या प्रश्नाने सुरुवात करावी? आणि मुंबईत १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली असाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्लेगच्या काळातले फोटो कुणी वर्गात वापरले आहेत का? मुलांनी कसा प्रतिसाद दिला?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, विषय फार आवडला. मी पुण्यात शाळकरी मुलांना जुने फोटो 'वाचायला' शिकवतो, त्यावरून सुचतंय ते लिहितो.

"काय दिसतं?" याआधी "कॅमेरा कुठे ठेवला होता?" हे विचारा. ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचा) ग्लासगोचा १:५०० प्रमाणाचा नकाशा १८५७-५८च्या मोजणीवरून झालाय आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यात दिव्याचे खांबसुद्धा आहेत. मुलांनी फोटोतला बोळ त्यात शोधून कॅमेऱ्याची जागा आणि दिशा बाणाने दाखवावी. फोटो कुणीतरी कुठेतरी उभं राहून काढलाय हे हातांनी कळलं, की "त्याला कुणी पाठवलं?" हा प्रश्न मुलंच विचारतात. मग ट्रस्टचं नाव सांगा, आधी नको.

दुसरं, फोटो दाराशी थांबतो. आतलं दाखवायला 'तिकीट लावलेली घरं' घ्या. १८६२च्या कायद्यानंतर ग्लासगोत लहान घरांच्या दारावर पत्र्याचं तिकीट ठोकत: आत किती माणसांनी झोपायचं याचा आकडा. मोठ्या माणसामागे ३०० घनफूट. रात्री तपासणीला माणसं येत. वर्गात खडूने सहा फूट बाय पाच फुटांचा चौकोन आखा. छत दहा फुटांवर धरलं तर एका माणसाचा वाटा तेवढाच. त्यात मुलांना आळीपाळीने बसवा आणि मग तोच फोटो पुन्हा दाखवा.

आणखी एक. कॅटरीन सरोवरातून ग्लासगोला पाणी आणणाऱ्या योजनेचे फोटोही ॲननचेच आहेत. ते बोळांच्या फोटोंशेजारी लावा. दोन्ही फोटोंत शहराचे कारभारी स्वतःबद्दल काय सांगू पाहतात, यावर अख्खा तास जाईल.

प्लेगच्या फोटोंचं म्हणाल तर, घरझडतीचे फोटो दाखवताना मी आधी घरातल्या माणसाच्या बाजूने चार ओळी लिहायला सांगतो आणि नंतर तपासणीला आलेल्याच्या बाजूने. ॲननच्या फोटोंनाही हे चालेल असं वाटतं. करून बघितलंत तर इथे नक्की कळवा.